उबदार पाण्यासाठी बॅकप्लेट आणि विंग: पहिला संच निवडताना

स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स झाला, अंदमानात हॅवलॉकला किंवा कर्नाटकात नेत्राणीला काही डायव्ह झाल्या, मास्क, फिन, कॉम्प्युटर स्वतःचे घेऊन झाले, की पुढची मोठी खरेदी बीसीडीची असते, म्हणजे हवा भरून-सोडून पाण्यात तरंगणं सांभाळणाऱ्या साधनाची. बहुतेक जण सेंटरवर जे वापरलं तसंच जॅकेट विकत घेतात. नियमित डायव्हिंग करायचं ठरवलं असेल, तर त्याआधी बॅकप्लेट आणि विंग हा प्रकार नीट समजून घ्या असं मी आग्रहानं सांगेन. पाणी २६ ते ३० अंश, अंगात पातळ सूट, पाठीवर ॲल्युमिनियमचा एकच सिलिंडर, अशा डायव्हिंगमध्ये हा संच फार सुटसुटीत होतो. मात्र तो तुमच्या अंगाला आणि तुमच्या पाण्याला बेतून निवडायला हवा.

रचना साधी आहे. पाठीवर एक वाकवलेली धातूची प्लेट. तिच्या खाचांतून ओवलेला ५० मिलिमीटर रुंदीचा नायलॉनचा पट्टा. तोच खांद्यांवरून उतरतो आणि तोच कमरेला बांधला जातो. प्लेट आणि सिलिंडर यांच्या मधोमध हवेची पिशवी, ती विंग. जॅकेटमध्ये हवा पोटाभोवती आणि काखेत भरते, बरगड्या आवळल्या जातात. इथे हवा फक्त पाठीमागे, सिलिंडरच्या दोन्ही अंगांना राहते. छाती मोकळी राहते आणि पाण्यात आडवं राहणं सोपं जातं. आडवं राहिलात की पाय खाली लोंबत नाहीत, फिनचा फटका प्रवाळाला बसत नाही, तळाचा गाळ उठत नाही. तारकर्लीला पाणी बऱ्याचदा गढूळ असतं आणि प्रवाळ उथळ पाण्यात आहे. तिथे हा फरक तुमच्या मागून येणाऱ्यालाही लगेच जाणवतो.

ही पद्धत रुजली ती फ्लोरिडाच्या उत्तर भागातल्या गुहांमध्ये, १९७०चं दशक संपता संपता आणि त्यानंतरच्या काही वर्षांत. विल्यम होगार्थ मेन या गुहा-डायव्हरच्या नावावरून एकसंध पट्ट्याच्या हार्नेसला आजही होगार्थियन म्हणतात. त्या गुहांमधलं पाणी २०-२२ अंशांचं. डायव्हर तासन्‌तास आत राहणार, म्हणून जाड सूट, पाठीवर दोन-दोन सिलिंडर आणि ते सगळं उचलून धरणारी भली मोठी विंग. इंटरनेटवर सापडणारा बराचसा सल्ला याच गरजांतून आलेला आहे. नवखा माणूस तो वाचतो आणि अंदमानच्या पाण्यासाठी दुप्पट जड प्लेट आणि दुप्पट मोठी विंग मागवतो. आपण त्यांच्याकडून रचना घ्यायची, आकडे मात्र आपले आपण काढायचे.

पहिली पायरी: शिशाचा हिशेब

दुकानाची वेबसाइट उघडण्याआधी एक गोष्ट माहीत हवी: पाण्याखाली राहायला तुम्हाला नेमकं किती शिसं लागतं? कोर्समध्ये इन्स्ट्रक्टरनं जेवढं बांधलं तेवढं, हे उत्तर चालणार नाही. शिकाऊ माणसाला बहुधा थोडं जास्तच बांधलेलं असतं.

पुढच्या ट्रिपमध्ये डायव्हच्या शेवटी, सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधी पाच मीटरवर थांबतो तिथे), सिलिंडरमध्ये ५० बारच्या आसपास हवा उरलेली असताना बीसीडी पूर्ण रिकामं करा. पाच मीटरवर नेहमीसारखा श्वास घेत स्थिर राहता आलं पाहिजे. खाली जायला लागलात तर एक किलोचा तुकडा इन्स्ट्रक्टरकडे द्या आणि पुन्हा बघा. हे त्यांना आधी सांगून, खाली सोडलेल्या दोरीजवळ करा. मग आकडा लिहून ठेवा आणि त्याच्याशेजारी सूट किती मिलिमीटरचा होता आणि सिलिंडर कुठला होता तेही लिहा, कारण त्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

ही तपासणी डायव्हच्या शेवटीच का करायची? आपल्याकडच्या सेंटरांवर बहुतेक करून ११.१ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर असतो. २०७ बारला भरला की त्यात २,२०० लिटरच्या आसपास हवा मावते आणि त्या हवेचं वजन अडीच ते पावणेतीन किलो भरतं. भरलेला सिलिंडर समुद्राच्या पाण्यात अर्धा-पाऊण किलोनं जड असतो, तर पूर्ण रिकामा झालेला जवळजवळ दोन किलोनं वर ओढतो. सुरुवातीला बरोबर वाटणारं वजन शेवटी कमी पडतं ते यामुळे. सेफ्टी स्टॉप धरता न येणं हे धोक्याचं आहे, म्हणून शिसं शेवटच्या स्थितीला जुळवायचं आणि सुरुवातीचा जडपणा विंगमधल्या हवेनं भागवायचा.

स्विमिंग पूलमध्ये काढलेला आकडा समुद्रात चालत नाही. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असतं. तुम्ही आणि सामान मिळून ८५ किलो धरलं तर समुद्रात साधारण दोन किलो जास्त लागतात.

दुसरी पायरी: प्लेट

निवड मुख्यतः दोन धातूंमध्ये आहे. तीन मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची प्लेट अडीच ते तीन किलोची असते आणि पाण्यात सव्वादोन-अडीच किलो शिशाचं काम करते. ॲल्युमिनियमची प्लेट किलोभराच्या आतली, पाण्यात तिचा परिणाम जेमतेम अर्धा किलो.

एक उदाहरण घेऊ. तीन मिलिमीटरचा पूर्ण सूट, ॲल्युमिनियमचा सिलिंडर, जॅकेट बीसीडी, आणि वजनाची तपासणी करून ठरलेलं शिसं पाच किलो. जॅकेटच्या फोमच्या गाद्या स्वतःच तरंगतात. त्यासाठी आपण साधारण एक किलो शिसं वाहत असतो. जॅकेट गेलं की तो किलो वाचला. स्टीलची प्लेट आली की आणखी सव्वादोन किलो वाचले. उरलं पावणेदोन किलो. त्याच माणसानं ॲल्युमिनियमची प्लेट घेतली तर साडेतीन किलो शिसं लागेल.

यावरून माझा सल्ला असा. तपासणी करून आलेलं शिसं चार किलो किंवा त्याहून जास्त असेल तर स्टील घ्या. कंबरेवरचं ओझं पाठीवर, फुप्फुसांच्या मागे जातं आणि शरीर आपसूक आडवं होतं. स्टीलच्या प्लेटचा खरा फायदा हा आहे. शिसं दोन किलो किंवा कमी लागत असेल, म्हणजे बांधा सडपातळ आहे किंवा नुसत्या रॅशगार्डवर (अंगाला चिकटणाऱ्या पातळ शर्टवर) डायव्ह करता, तर ॲल्युमिनियम. मधल्या लोकांनी प्रवासाचा विचार करून ठरवावं. देशांतर्गत विमानात चेक-इनला साधारण १५ किलो मिळतात आणि शिसं सेंटरवर मिळतंच. पोर्ट ब्लेअरचं विमान पकडणाऱ्याला ॲल्युमिनियमची प्लेट परवडते. गाडीनं मुर्डेश्वर किंवा मालवण गाठणाऱ्याला स्टीलची अडचण नाही.

सहा मिलिमीटरची जाड प्लेट पातळ सुटासाठी घेऊ नका. शिशाचा पट्टा प्रसंगी सोडून देता येतो, प्लेट सोडता येत नाही. विंग फाटली, हवा धरेनाशी झाली, तरी भरलेल्या सिलिंडरसह फिन मारत वर येता आलं पाहिजे; सोडायचं शिसं हातात असलं की ते आणखी सोपं होतं. ही कसोटी प्रत्येक संचाला लावा. परदेशात कुठे स्टीलचा सिलिंडर मिळाला तर हिशेब नव्यानं करा, कारण स्टीलची प्लेट, स्टीलचा सिलिंडर आणि पातळ सूट हे तिन्ही एकत्र आले की माणूस सहज गरजेपेक्षा जड होतो.

प्लेट हातात आली की खाचांच्या कडांवरून बोट फिरवा. धारदार कड पट्टा कापत राहते. मधल्या दोन बोल्टच्या भोकांमधलं अंतर २७९ मिलिमीटर म्हणजे ११ इंच असावं. हे प्रमाण बहुतेक कंपन्या पाळतात, त्यामुळे एका कंपनीची प्लेट आणि दुसरीची विंग जुळते. उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर आखूड प्लेट शोधा, नाहीतर खालची कड कमरेला टोचते.

तिसरी पायरी: विंग

विंगची लिफ्ट म्हणजे ती पूर्ण फुगल्यावर किती किलो उचलते. ती दोन कामांना पुरली पाहिजे.

पाण्याखालचं काम हे, की भरलेल्या हवेचं वजन पेलायचं आणि खोलीवर सूट दबून जे तरंगणं कमी होतं ते भरून काढायचं. हवा पावणेतीन किलो. तीन मिलिमीटरचा सूट पृष्ठभागावर साधारण दोन किलो तरंगवतो. ३० मीटरवर दाब चौपट होतो आणि त्यातला दीड किलोच्या आसपास निघून जातो. बेरीज सव्वाचार किलो.

पृष्ठभागावर दोन परीक्षा आहेत. तुम्ही अंगातून काढलेला संच एकटा तरंगला पाहिजे: प्लेट सव्वादोन, भरलेला सिलिंडर पाऊण, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारं यंत्र) एक आणि संचावरचं शिसं पावणेदोन किलो, म्हणजे पावणेसहा. आणि तो अंगावर असताना तुमचं डोकं आरामात पाण्याबाहेर राहिलं पाहिजे. पाण्याबाहेरच्या डोक्याला चार-पाच किलो धरा. त्यात सुरुवातीचा हवेचा जडपणा मिळवला तरी आठाच्या आत राहता, कारण पृष्ठभागावर सूट दबलेला नसतो.

म्हणून एका सिलिंडरसाठी, पातळ सुटात, ११ ते १४ किलो लिफ्टची विंग भरपूर झाली. बाजारात ती २५ किंवा ३० पाउंड म्हणून मिळेल. सडपातळ माणसाला ॲल्युमिनियमच्या प्लेटबरोबर ९ किलोचीही पुरते, पण पहिल्या संचासाठी मी इतकं काटेकोर जाणार नाही. १८ आणि २० किलोच्या विंगमध्ये सुरक्षितता वाढल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात रिकामं कापड पाण्याला अडतं आणि थोडीशी हवा त्या मोठ्या पिशवीत इकडून तिकडे पळत राहते.

दोन सिलिंडरांसाठी बनवलेली विंग कुणी स्वस्तात दिली तरी घेऊ नका. ती रुंद असते. एका सिलिंडरवर लावून हवा भरली की तिच्या दोन्ही बाजू पोळीच्या गुंडाळीसारख्या सिलिंडरभोवती वर येतात, हवा घड्यांत अडकते आणि सोडायची तेव्हा सुटत नाही.

आकार दोन मिळतात. डोनट विंग पूर्ण गोलाकार जोडलेली असते, हवा खालूनही एका बाजूकडून दुसरीकडे जाते. घोड्याच्या नालाच्या आकाराची खालून बंद असते. दोन्ही चालतात, नवख्यानं डोनट घ्यावी, कारण हवा एका बाजूला अडकून तुम्ही कलंडायची शक्यता कमी. वर इलॅस्टिकच्या दोऱ्या ताणलेली विंग मिळते, ती मला पसंत नाही: दोऱ्यांच्या मध्ये हवा अडकते आणि पिशवीला छिद्र पडलं तर त्या दोऱ्याच हवा बाहेर ढकलतात.

कापडाचा एकच थर असलेली विंग हलकी असते आणि लवकर वाळते. बाहेर जाड कापड आणि आत वेगळी पिशवी असलेली थोडी जड, पण जास्त दणकट. आपल्या बोटींवर सामान नांगर, लाकडी फळ्या आणि खिळ्यांच्या शेजारी पडतं. मी दोन थरांचीच घेईन.

इन्फ्लेटरची, म्हणजे विंगमध्ये हवा भरायची, नळी आखूड हवी, ३० ते ३५ सेंटिमीटर, म्हणजे ती छातीवर लोंबत नाही. हवा सोडायच्या डम्प व्हॉल्व्हची दोरी मागे डाव्या बाजूला खाली असते. तिचा गोळा डोळे मिटून हाताला सापडला पाहिजे.

चौथी पायरी: सिलिंडर कसा बांधायचा

काही विंगांमध्ये कॅम बँडसाठी, म्हणजे सिलिंडर आवळायच्या पट्ट्यांसाठी, खाचा आणि सिलिंडर डुगडुगू नये म्हणून दोन उभ्या कडा आधीच असतात. ज्यांत नसतात त्यांना प्लेटवर बोल्टनं बसणारा वेगळा अडॅप्टर लागतो. तो स्टीलचा असेल तर अर्धा ते एक किलो वजन वाढतं, ते हिशेबात धरा. शक्य असेल तर खाचांची विंग घ्या, एक भाग कमी. कॅम बँड दोनच हवेत. नायलॉन भिजलं की ताणतं, म्हणून बांधण्याआधी पट्टा ओला करा आणि बांधून झाल्यावर प्लेटला धरून सगळा संच उचलून हलवा. सिलिंडर घसरला तर पुन्हा आवळा.

पाचवी पायरी: हार्नेस अंगाला बेतणं

इथे घाई करू नका. हा संच न आवडलेल्या पुष्कळ लोकांची तक्रार मुळात नीट न बसवलेल्या पट्ट्याची असते. घरी, सूट घालून, आरशासमोर, मदतीला कुणीतरी घेऊन तासभर बसा.

पट्टा साडेतीन-चार मीटरचा एकच असतो. तो वरच्या खाचांतून ओवून दोन्ही खांद्यांवरून पुढे आणायचा, काखेखालून खालच्या खाचांत घालायचा आणि उरलेली टोकं कमरेला आणायची. दोन्ही बाजू सारख्या आहेत ना हे टेपनं मोजा. प्लेटची वरची कड मानेच्या खालच्या मणक्याच्या जरा खाली आली पाहिजे. खांद्याचा पट्टा इतका सैल हवा, की त्याखाली मूठ नाही पण सपाट हात सहज जाईल. नवखे लोक जॅकेटच्या सवयीनं खांदे घट्ट आवळतात. मग हात बाहेर निघत नाही आणि मान दुखते. संच जागेवर धरतो तो कमरेचा पट्टा आणि दोन पायांमधून येणारा क्रॉच स्ट्रॅप. हा स्ट्रॅप उबदार पाण्यासाठी २५ मिलिमीटरचा घ्या, ५० चा पातळ सुटावर काचतो.

छातीच्या दोन डी-रिंग (सामान अडकवायची कडी) काखेच्या रेषेत, अंगठा सहज पोचेल तिथे. स्त्रियांना त्या बोटभर वर बऱ्या पडतात. डाव्या कमरेला एक, तिथे प्रेशर गेज अडकवायचा. डाव्या खांद्याच्या डी-रिंगला इलॅस्टिकचं वेटोळं लावून त्यातून इन्फ्लेटर ओवा. कमरेचं बकल मधोमध न ठेवता थोडं उजवीकडे ठेवा, म्हणजे क्रॉच स्ट्रॅपचं कडं त्याच्यावर चढत नाही. डाव्या बाजूला पट्टा कापायचं छोटं कटर. एवढंच. पट्ट्यावर जागा आहे म्हणून आणखी काही लटकवू नका, ते प्रवाळात अडकतं.

उरलेला पट्टा लगेच कापू नका. काही डायव्ह होऊ द्या, माप स्थिरावू द्या, मग हातभर शिल्लक ठेवून कापा आणि टोक मेणबत्तीवर वितळवून घ्या.

खांद्याला जुनी दुखापत असेल, हात मागे जात नसेल, तर खांद्यावर क्लिप असलेला हार्नेस बिनदिक्कत घ्या. एकसंध पट्ट्यात तुटण्यासारखे भाग कमी असतात हे खरं, पण बोटीवर दर वेळी वेदना सोसण्यात काहीच शहाणपण नाही.

सहावी पायरी: आधी पूल, मग बोट

पहिली डायव्ह या संचावर समुद्रात करू नका. पूलमध्ये इन्स्ट्रक्टरबरोबर अर्धा तास घालवा आणि तीन गोष्टी पक्क्या करा: इन्फ्लेटर व डम्प न बघता सापडणं, पृष्ठभागावर तरंगणं, आणि संच पाण्यात काढून पुन्हा घालणं.

पृष्ठभागावर विंग तोंडघशी पाडते असं ऐकाल. विंग गच्च फुगवली आणि शिसं पोटावर असलं तर माणूस खरंच पुढे ढकलला जातो. हनुवटी पाण्याबाहेर राहील इतकीच हवा भरा, शिसं मागे घ्या, आरामखुर्चीत बसल्यासारखं मागे रेला. क्रॉच स्ट्रॅप घट्ट असेल तर संच वर सरकत नाही आणि प्रश्न तिथेच मिटतो.

आपल्याकडे छोट्या बोटींवर डायव्हनंतर संच पाण्यातच काढून वर देण्याची पद्धत आहे. क्रम असा ठेवा: विंग फुगवा, शिशाचा पट्टा असेल तर तो आधी वर द्या, मग कमरेचं बकल सोडा, क्रॉच स्ट्रॅप आपोआप सुटेल, मग एक खांदा ढिला करून हात काढा. बोटीवरच्या दादांना आधीच सांगून ठेवा, की उचलताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा प्लेटची वरची कड धरायची, इन्फ्लेटरची नळी धरायची नाही. त्यांना हा प्रकार नवा असू शकतो, आणि नळी निखळली की तुमची सहल तिथेच संपते.

समुद्रातल्या पहिल्या डायव्हला वजनाची तपासणी पुन्हा करा. कागदावरचा हिशेब अर्धा-एक किलोनं इकडेतिकडे होतोच.

देखभाल आणि जुना संच घेताना

प्रत्येक दिवसाच्या शेवटी इन्फ्लेटरमधून गोडं पाणी आत घालून खळबळून काढा. आत राहिलेलं मीठ सुकलं की त्याचे खडे पिशवीला आतून घासतात. विंग थोडी फुगवून सावलीत वाळवा. प्लेट स्टीलची असली तरी धुवा. ३१६ दर्जाचं स्टील ३०४ पेक्षा खाऱ्या पाण्याला जास्त टिकतं, पण बोल्टच्या भोकांत गंज धरू शकतो.

प्लेटला झिजण्यासारखं काही नसल्यामुळे ती जुनी घ्यायला अजिबात हरकत नाही. जुनी विंग मात्र तपासूनच घ्या. पूर्ण फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडलेली असेल तर बादलीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहा. डम्प व्हॉल्व्हमधून येत असतील तर वाळूचा कण किंवा झिजलेलं सील असतं, स्वस्तात दुरुस्त होतं. शिवणीतून किंवा कापडातून येत असतील तर घेऊ नका. शेवटी रेग्युलेटर जोडून इन्फ्लेटरचं बटण बरेचदा दाबून सोडा. बटण एकदा जरी अडकून हवा भरत राहिली तर त्या इन्फ्लेटरसह पाण्यात उतरायचं नाही, नवा बसवूनच उतरायचं.